उरलेली किडनी, ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस आणि अँटिऑक्सिडंट गोळ्यांचा प्रश्न

प्रश्न असा आहे: वडिलांचं हिमोडायलिसिस सुरू होऊन चार महिने झाले. आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी चार तास. अजून दिवसाला साधारण 700 मिली लघवी होते. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसमुळे (शरीरात तिखट रेणू वाढून पेशी बिघडण्यामुळे) उरलेली किडनी लवकर बंद पडते असं वाचनात आलं. मग व्हिटॅमिन ई, व्हिटॅमिन सी किंवा एन-अ‍ॅसिटिलसिस्टीनच्या गोळ्या सुरू कराव्यात का? रक्तातला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस मोजणारी तपासणी करावी का? आणि एवढी लघवी होत असेल तर डायलिसिस दोन वेळा चालेल का?

आधी थोडक्यात सांगतो. गोळ्या आपल्या मनाने सुरू करू नका, ती तपासणीही करू नका. मात्र त्या 700 मिली लघवीकडे सध्या घरात जेवढं लक्ष जातंय त्याहून खूप जास्त लक्ष द्या. अँटिऑक्सिडंट म्हणून तुमच्या वडिलांकडे आज सगळ्यात मोलाचं जे काही आहे, ते त्यांच्या किडनीत उरलेलं काम आहे. आता सविस्तर.

एक छोटा हिशोब करू. आठवड्यात 10,080 मिनिटं असतात. तीन वेळा चार-चार तास म्हणजे 720 मिनिटं, जेमतेम सात टक्के. बाकी त्र्याण्णव टक्के वेळ मशीन बंद असतं आणि रक्त साफ करायला फक्त उरलेली किडनी असते. तिचा क्लिअरन्स, म्हणजे मिनिटाला ती किती रक्तद्रव पूर्ण साफ करते तो आकडा, नुसता 1 मिली असला तरी आठवड्याला सुमारे 10 लिटर रक्तद्रव साफ होतो. 3 मिली असेल तर 30 लिटर. युरियाच्या बाबतीत मशीन याच्या कितीतरी पट काम करतं, त्यामुळे कागदावर हा आकडा किरकोळ वाटतो. पण युरिया हा मुळात फारसा विषारी पदार्थ नाही. मोजायला सोपा म्हणून आपण तो मोजतो.

खरा त्रास देणारे पदार्थ वेगळे. इंडॉक्सिल सल्फेट आणि पी-क्रेसिल सल्फेट ही त्यातली दोन ठळक नावं. आतड्यातले जिवाणू प्रथिनांपासून त्यांचा कच्चा माल तयार करतात, आणि रक्तात त्यांचा 90 टक्क्यांहून अधिक भाग अल्ब्युमिनला चिकटून राहतो. डायलायझरच्या, म्हणजे मशीनवरच्या गाळणीच्या, पडद्यातून अल्ब्युमिन हे रक्तातलं मोठं प्रथिन जात नाही, म्हणून त्याला चिकटलेला पदार्थही फारसा जात नाही. निरोगी किडनी ते गाळत बसत नाही. किडनीतल्या बारीक नलिकांच्या पेशी रक्तातून ते ओढून घेतात आणि लघवीत सोडतात. हे स्रवणाचं काम कुठलंही मशीन करत नाही. बीटा-2 मायक्रोग्लोब्युलिनसारख्या मोठ्या रेणूंचंही थोडंफार तसंच आहे: मोठ्या छिद्रांचा हाय-फ्लक्स डायलायझर ते काही प्रमाणात काढतो, पण रात्रंदिवस चालणारी थोडीशी किडनीसुद्धा त्यात मोठी भर घालते.

आता ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. शरीरात सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड, हायपोक्लोरस आम्ल असे तिखट रेणू सतत बनतात. सुपरऑक्साइड डिस्म्युटेज, कॅटलेज, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज ही एन्झाइम्स त्यांना निकामी करतात. बनणं जास्त आणि निकामी होणं कमी झालं की पेशींमधली चरबी, प्रथिनं आणि डीएनए बिघडतात. डायलिसिसच्या रुग्णांत दोन्ही बाजूंनी घाटा असतो. रक्त प्लास्टिकच्या नळ्या आणि पडद्याला लागलं की पांढऱ्या पेशी चेतवल्या जातात. जुन्या सेल्युलोजच्या पडद्यांत हे फार व्हायचं, आजच्या सिंथेटिक पडद्यांत कमी, पण शून्य नाही. डायलिसिसच्या पाण्यात जिवाणूंच्या आवरणाचे अंश, म्हणजे एंडोटॉक्सिन, असतील तर आगीत तेल. शिरेतून दिलेलं लोह, कॅथेटरमधला रेंगाळणारा संसर्ग, मधुमेह हे सगळं त्यात मिसळतं. दुसरीकडे व्हिटॅमिन सी लहान आणि पाण्यात विरघळणारं असल्याने दर डायलिसिसला धुऊन जातं.

एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो आणि तो क्वचितच सांगितला जातो. रक्तद्रवात फिरणारं ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज-3 हे एन्झाइम मुख्यतः किडनीच्या नलिकांमध्येच तयार होतं. म्हणजे किडनी गेली की विष साठतं आणि त्या विषाविरुद्धचं एक हत्यारही कमी होतं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. उरलेली किडनी ‘फ्री रॅडिकल गाळून टाकते’ असं काही नसतं. हे रेणू इतके अल्पजीवी असतात की किडनीपर्यंत पोचायला ते उरतच नाहीत. किडनी काढून टाकते ते त्यांना जन्म देणारे पदार्थ. इंडॉक्सिल सल्फेट पेशीत शिरलं की एनएडीपीएच ऑक्सिडेज हे एन्झाइम जागं होतं आणि सुपरऑक्साइड बनू लागतं. म्हणून ज्यांची लघवी चालू आहे त्यांच्यात ऑक्सिडेशनच्या खुणा लघवी बंद झालेल्यांपेक्षा साधारणपणे कमी आढळतात.

उलटा प्रवासही खरा आहे, आणि तुम्ही वाचलंत ते याबद्दलच. नलिकेच्या पेशी ऑर्गॅनिक अ‍ॅनायन ट्रान्सपोर्टर नावाच्या दारांतून इंडॉक्सिल सल्फेट आत घेतात, बाहेर टाकण्यासाठीच. पण किडनीचे बहुतेक घटक निकामी झालेले असताना उरलेल्या मोजक्या पेशींवर सगळा भार येतो. त्याच पेशींमध्ये विष साठतं, ऑक्सिडेशन वाढतं, व्रणासारखी तंतुमय जाळी तयार होते आणि आणखी काही घटक बंद पडतात. किडनीचा आतला गाभा एरवीही कमी ऑक्सिजनवर चालतो, त्यामुळे तो लवकर सोसतो. कारण आणि परिणाम एकमेकांना ढकलत राहतात. प्राण्यांवरच्या आणि पेशींवरच्या प्रयोगांत हे चक्र चांगलं दिसतं. माणसांत त्याची दिशा सिद्ध करणं अवघड आहे, कारण ज्याची किडनी जास्त आजारी त्याचाच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस जास्त.

एवढं समजल्यावर कोणालाही वाटेल, मग अँटिऑक्सिडंट द्या की! तर्क बिनचूक आहे. चाचण्यांनी मात्र त्याला हवी तशी साथ दिलेली नाही.

सन 2000 मध्ये स्पेस नावाची चाचणी प्रसिद्ध झाली. हृदयविकार असलेल्या 196 हिमोडायलिसिस रुग्णांत रोज 800 युनिट व्हिटॅमिन ई दिल्यावर हृदयविकाराच्या घटना कमी झाल्या, एकूण मृत्यू मात्र घटले नाहीत. 2003 मध्ये 134 रुग्णांच्या एका चाचणीत एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन 600 मिग्रॅ दिवसातून दोनदा देऊन तसंच चित्र दिसलं. दोन्ही चाचण्या लहान. नंतर 2014 मध्ये पाथ ही चाचणी आली: 353 हिमोडायलिसिस रुग्ण, सहा महिने टोकोफेरॉल (म्हणजे व्हिटॅमिन ईच) आणि अल्फा लिपोइक आम्ल. दाहाच्या आणि ऑक्सिडेशनच्या खुणांत फरक पडला नाही, हिमोग्लोबिन वाढवणाऱ्या इंजेक्शनला मिळणाऱ्या प्रतिसादातही नाही. शरीराची स्वतःची अँटिऑक्सिडंट यंत्रणा जागी करणारं बार्डोक्सोलोन मिथाइल हे औषध बीकन चाचणीत तपासलं गेलं. त्यात मधुमेहामुळे किडनीचा आजार चौथ्या टप्प्यात असलेले 2,185 रुग्ण होते, डायलिसिसवरचे नव्हेत. हृदय निकामी होण्याच्या घटना वाढल्या म्हणून ती चाचणी 2012 मध्ये मुदतीआधीच थांबवावी लागली. तर्कावर विसंबून औषध देणाऱ्यांनी हा निकाल विसरू नये.

उरलेल्या किडनीसाठी म्हणून थेट तपासलेलं औषध म्हणजे एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन. पेरिटोनियल डायलिसिस (पोटात द्रव भरून केलेलं) आणि हिमोडायलिसिस अशा दोन्हींवरच्या रुग्णांत छोटे अभ्यास झाले आहेत, आणि काहींत लघवी व क्लिअरन्स थोडा वाढलेला दिसला. मी हे नाकारत नाही. पण मोजके रुग्ण आणि थोडा काळ, एवढ्यावर ‘किडनी वाचते’ असं म्हणता येत नाही. तुमचे डॉक्टर ते देत असतील तर मी भांडणार नाही. दिलं नाही म्हणून काही गमावलं असंही मानू नका.

व्हिटॅमिन सीबद्दल मात्र ठामपणे सांगतो. जास्त मात्रेत घेतलेल्या व्हिटॅमिन सीचं शरीरात ऑक्सॅलेट होतं. एरवी ते लघवीवाटे जातं. किडनी निकामी असेल तर ते रक्तात साठतं आणि स्फटिक होऊन ऊतींमध्ये बसतं, किडनीतसुद्धा. जी वाचवायची तिच्याच नलिकांत खडे भरण्याचा हा उद्योग. डायलिसिसच्या रुग्णांसाठीच्या व्हिटॅमिनच्या गोळीत ते दिवसाला साधारण 60 ते 100 मिग्रॅ एवढंच असतं, तेवढं पुरे. दुकानात मिळणाऱ्या 500 किंवा 1,000 मिग्रॅच्या गोळ्या नकोत. साध्या मल्टिव्हिटॅमिनमधलं व्हिटॅमिन ए सुद्धा किडनीच्या रुग्णांत साठत जातं. आणि ‘किडनी पुन्हा चालू करणारी’ वनौषधी म्हणून कोणी काही दिलं तर त्यात नेमकं काय आहे हे कळल्याशिवाय ते तोंडात घालू नका. 1993 मध्ये ब्रुसेल्समधल्या डॉक्टरांनी वजन कमी करण्याच्या औषधातल्या वनस्पतींमुळे तरुण स्त्रियांच्या किडन्या निकामी झाल्याची नोंद केली; त्यामागे अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल होतं.

तपासणीचा प्रश्न लवकर संपतो. मॅलॉनडायअल्डिहाइड, एओपीपी वगैरे ऑक्सिडेशनच्या खुणा संशोधनात उपयोगी आहेत, पण प्रयोगशाळेगणिक आकडे बदलतात आणि डायलिसिसच्या आधी व नंतरही बदलतात. ‘टोटल अँटिऑक्सिडंट कपॅसिटी’ तर इथे चक्क फसवी आहे. त्या आकड्यात युरिक आम्लाचा वाटा मोठा असतो, आणि किडनीच्या रुग्णांत युरिक आम्ल वाढलेलंच असतं. रिपोर्ट उत्तम येतो, माणूस तसाच. शिवाय निकाल काहीही आला तरी उपचार बदलत नाहीत.

मोजायचीच असेल तर लघवी मोजा. पण नुसतं माप पुरत नाही, तिच्यात काय उतरतंय ते पाहावं लागतं. पुढच्या डायलिसिसच्या आधीचे 24 तास सगळी लघवी एका भांड्यात जमा करायची. सुरुवातीच्या वेळी मूत्राशय रिकामं करून ती लघवी टाकून द्यायची आणि घड्याळ लावायचं. शौचाच्या वेळची लघवीही सुटता कामा नये. डायलिसिसच्या सुरुवातीला रक्त घ्यायचं. मग लघवीतला युरिया भागिले रक्तातला युरिया, गुणिले लघवीचं माप, भागिले 1,440 मिनिटं. समजा लघवीत युरिया रक्ताच्या सातपट आहे, तर 700 मिली लघवीला क्लिअरन्स आला मिनिटाला 3.4 मिली. तो तीनपटच असेल, तर त्याच 700 मिलीला 1.5 मिली. बाटली सारखीच भरलेली, किडनी निम्म्याहून कमी. युरिया नलिकेतून थोडा परत शोषला जातो म्हणून तो किडनीचं काम कमी दाखवतो. क्रिएटिनिन नलिकेतून स्रवतं म्हणून ते जास्त दाखवतं. दोन्हींची सरासरी घेतली की खऱ्याच्या जवळ जाता येतं. हे दर दोन-तीन महिन्यांनी व्हावं, आणि डायलिसिस कमी केलं असेल तर दर महिन्याला. बऱ्याच ठिकाणी डायलिसिस सुरू झालं की लघवी मोजणं कायमचं थांबतं, आणि याचा मला राग येतो.

एवढा आग्रह कशासाठी, तर 2001 साली कॅनुसा या कॅनडा-अमेरिकेतल्या अभ्यासाचं फेरविश्लेषण झालं. पेरिटोनियल डायलिसिसच्या रुग्णांत दिवसाच्या प्रत्येक 250 मिली लघवीमागे मृत्यूचा सापेक्ष धोका 36 टक्के कमी दिसला. पोटातल्या द्रवाने होणाऱ्या सफाईचा असा संबंध दिसला नाही. पुढच्याच वर्षी मेक्सिकोतल्या अ‍ॅडेमेक्स चाचणीने द्रवाची मात्रा वाढवून पाहिली आणि जगण्यात फरक पडला नाही. नेदरलँड्समधल्या हिमोडायलिसिसच्या रुग्णांतही उरलेल्या किडनीचं महत्त्व दिसून आलं. यात एक मेख आहे: ज्यांची लघवी टिकते ते मुळातच थोडे धडधाकट असू शकतात. तरीही इतक्या ठिकाणी तेच दिसतं, तेव्हा मी ते गांभीर्याने घेतो.

मग वाचवायचं कसं? माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त नुकसान डायलिसिसच्या खुर्चीवर होतं, बीपी पडून. एका बैठकीत तीन-चार लिटर पाणी ओढलं, बीपी 80 वर आलं, पाय वळले, सलाइन दिलं, घरी पाठवलं. त्या अर्ध्या तासात किडनीला रक्त कमी मिळतं आणि नंतर ते परत आल्यावर ऑक्सिडेशनचा लोंढा येतो. असं वारंवार झालं की लघवी घटत जाते. तासाला वजनाच्या दर किलोमागे 13 मिलीहून जास्त पाणी ओढणं धोक्याचं मानलं जातं. 60 किलोच्या माणसाला ते चार तासांत सुमारे तीन लिटर होतं. ज्यांना लघवी चांगली होते त्यांना एवढं ओढायची वेळच येऊ नये. म्हणून ड्राय वेट, म्हणजे अंगात जास्तीचं पाणी नसतानाचं वजन, दर महिन्याला नव्याने ठरवून घ्या, आणि बीपीची कोणती गोळी डायलिसिसच्या आधी घ्यायची, कोणती नंतर, हे डॉक्टरांना विचारा. डायलिसिसच्या द्रवाचं तापमान थोडं कमी ठेवलं तरी बीपी पडणं कमी होतं.

उलट टोकही चुकीचं आहे. ‘लघवी वाढावी’ म्हणून जास्त पाणी पाजणारी घरं आहेत. अंगात पाणी साठवून किडनी वाचत नाही, फक्त हृदय ताणलं जातं. मीठ कमी केलं की तहान आपोआप आवरते, पाण्याच्या पेल्यांवर पहारा ठेवायची गरज उरत नाही.

लघवी वाढवणारी गोळी, म्हणजे फ्युरोसेमाइड किंवा टॉर्सेमाइड, डायलिसिस सुरू झाल्यावर बंद केली असेल तर विचारा, का केली? लघवी होत असेपर्यंत ती उपयोगी असते: पाणी आणि सोडियम बाहेर जातं, मशीनवर कमी ओढावं लागतं. ती क्लिअरन्स वाढवत नाही, हेही लक्षात ठेवा. मात्रा मोठी लागते, त्यामुळे कानात आवाज आला किंवा ऐकू कमी येऊ लागलं तर लगेच सांगायचं. एसीई इन्हिबिटर आणि एआरबी या बीपीच्या गोळ्यांच्या गटांनी पेरिटोनियल डायलिसिसमध्ये लघवी जास्त टिकल्याचं छोट्या चाचण्यांत दिसलं. हिमोडायलिसिसमध्ये इर्बेसार्टन या एआरबी गोळीच्या सफिर चाचणीत तसा फायदा दिसला नाही. बीपीसाठी लागत असतील तर घ्याव्यात, पोटॅशियमवर लक्ष ठेवून.

‘किडनी तर गेलीच आहे, आता वेदनाशामकाने काय बिघडणार’ हे वाक्य डॉक्टरांच्या तोंडूनही ऐकू येतं. लघवी होणाऱ्या रुग्णात पुष्कळ बिघडतं. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या गटाच्या गोळ्या टाळा. जेंटामायसिन, अमिकासिनसारखी इंजेक्शनं दुसरा पर्याय असेल तर लांबवू नयेत. अँजिओग्राफीचं रंगद्रव्य गरजेपुरतंच वापरावं. पण हृदयाला गरज असताना किडनीच्या भीतीने तपासणी टाळू नये. डायलिसिस कॅथेटरमधून (शिरेत बसवलेल्या नळीतून) होत असेल तर फिस्टुला (हातातली धमनी आणि शीर जोडणारं छोटं ऑपरेशन) लवकर करून घ्या, कारण संसर्गाचा प्रत्येक झटका उरलेल्या किडनीला खाली ओढतो. केंद्रात पाण्याची तपासणी किती वेळा होते हे विचारायला लाजू नका. अल्ट्राप्युअर द्रवाचा निकष मिलिलिटरला 0.1 पेक्षा कमी जिवाणू-वसाहती आणि 0.03 युनिटपेक्षा कमी एंडोटॉक्सिन असा आहे. अशा द्रवाने दाह कमी राहतो, आणि लघवी जास्त टिकल्याचंही दिसलं आहे.

लोहाबद्दल काहीजण घाबरवतात: ‘लोह गंजतं, ऑक्सिडेशन वाढवतं.’ रसायनशास्त्र खरं आहे. पण 2019 च्या पिव्होटल चाचणीत 2,141 हिमोडायलिसिस रुग्णांपैकी ज्यांना महिन्याला 400 मिग्रॅ लोह आधीपासून नियमित दिलं, त्यांच्यात मृत्यू आणि हृदयाच्या मोठ्या घटना मिळून कमी झाल्या. त्यात फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन या शरीरातलं लोह दाखवणाऱ्या रक्ततपासण्यांची वरची मर्यादा पाळली होती. तुम्हीही ती पाळा आणि लोह घ्या.

राहिला दोन वेळांचा प्रश्न. अमेरिकेच्या 2015 च्या केडीओक्यूआय या किडनीच्या उपचारांच्या मार्गदर्शक तत्त्वांनी उरलेली किडनी पुरेशी असेल आणि ती नियमित मोजली जात असेल तर डायलिसिसची मात्रा कमी करायला मुभा दिली आहे. कमी डायलिसिसने लघवी जास्त टिकते असा बऱ्याच तज्ज्ञांचा होरा आहे; उलट बाजूने पाहिलं तर, रोज रात्री लांब डायलिसिस घेतलेल्यांची लघवी चाचणीत लवकर घटली होती. माझा सराव असा: युरिया क्लिअरन्स 3 च्या वर, लघवी 500-600 मिलीच्या वर, दोन डायलिसिसच्या मधली वजनवाढ बेताची, पोटॅशियम, फॉस्फरस आणि हिमोग्लोबिन आटोक्यात, धाप नाही, भूक चांगली. एवढं सगळं जुळलं तरच दोन वेळा. तुमच्या वडिलांचे 700 मिली यातली एकच अट पूर्ण करतात.

आणि दोन वेळा केलं तर त्यांना आणि घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगावं लागतं की ही सवलत तात्पुरती आहे. धोका कमी डायलिसिसपेक्षा न मोजण्यात जास्त आहे: लघवी हळूहळू 200 मिलीवर येते, कोणाच्या लक्षात येत नाही, वेळापत्रक मात्र दोन वेळांचंच राहतं, आणि एके रात्री माणूस फुफ्फुसात पाणी भरून इमर्जन्सीत येतो. क्लिअरन्स 2 च्या खाली गेला की चर्चा न करता तीन वेळा, आणि प्रत्येक बैठक तीन तासांपेक्षा कमी नको. आजारपण, जुलाब, ऑपरेशन किंवा मोठा संसर्ग झाल्यावर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता लगेच पुन्हा मोजा.